मर्मेड्सच्या विश्वस्तांना खुले पत्र: 'कुणाला सांगणार नाही ना?'

प्रति,
विश्वस्त मंडळ, मर्मेड्स, ग्रेट ब्रिटन

सप्रेम नमस्कार.

ट्रान्स मुलांना, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आपलं न मानणाऱ्या मुलांना, आणि त्यांच्या घरच्यांना आधार देणारी तुमची संस्था आहे. तिला हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे, पण मूळ पत्र मराठीतच हवं होतं. ज्या घरांविषयी मला बोलायचं आहे, तिथे हा विषय निघालाच तर मराठीत निघतो आणि बहुतेक वेळा मराठीतच दाबला जातो.

इंग्लंडात येऊन मला बावीस वर्षं झाली. दर शनिवारी सकाळी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही काही जण मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवतो. बाराखडी, गोष्टी, संक्रांतीला तिळगूळ, गणपतीत लेझीम. या वर्गाची सेफगार्डिंगची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची, जबाबदारी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. वर्गातल्या कुठल्याही मुलाविषयी काही काळजी वाटली, तर ती माझ्यापर्यंत यायची, मी ती लिहून ठेवायची आणि पुढे काय करायचं ते ठरवायचं. या अनुभवावरूनच तुम्हाला लिहिते आहे.

इंग्रजीत मूल 'मी' म्हणून काही सांगतं तेव्हा त्याला आपण मुलगा की मुलगी हे सांगावं लागत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला सांगावं लागतं. मी येतो की मी येते, मी जेवलो की मी जेवले. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातलं चौदा वर्षांचं एक मूल अशी वाक्यं बोलेनासं झालं. आधी मला वाटलं, मराठी मागे पडतंय. मग कान देऊन ऐकलं तर मराठी उलट सुधारलं होतं. 'मी जाते' नाही, 'मला जायचंय'. 'मी दमले' नाही, 'मला दम लागला'. 'मी करीन', 'मी उद्या येणार', 'माझं झालं'. जिथे जिथे स्वतःला मुलगी म्हणवून घ्यावं लागेल, तो प्रत्येक प्रत्यय त्या पोराने हुडकून काढून चुकवला होता. मी मराठी शिकवते, पण आपल्या भाषेत अशा इतक्या वाटा आहेत हे मला त्या मुलाने शिकवलं. 'मूल' हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे याचं मला त्या वर्षी पहिल्यांदा बरं वाटलं.

पुढे गणपतीसाठी लेझीमची तालीम चालू असताना चौथ्या-पाचव्या फेरीला ते मूल भिंतीला टेकलं. ओठ पांढरे पडले होते, श्वास वरच्या वर चालला होता. आधार द्यायला पाठीवर हात ठेवला, तर शर्टाखाली काहीतरी कडक लागलं. हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात नेलं, दार उघडं ठेवलं, दुसऱ्या बाईंना दारात उभं केलं. शर्टाखाली क्रेप बँडेज होतं. पाय मुरगळल्यावर बांधतो ना, तसलंच, छातीभोवती चार-पाच वेढे घट्ट गुंडाळलेलं. टोकाला दोन दातेरी क्लिपा होत्या आणि त्यातली एक कातडीत रुतली होती.

मुलाचं पहिलं वाक्य होतं, "कुणाला सांगणार नाही ना?"

सेफगार्डिंगचं प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि द्यायला त्याहून अवघड उत्तर दुसरं नाही. मी म्हटलं, "असं वचन मी तुला देऊ शकत नाही. पण तुला न कळवता, तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. कुणाला, काय, कधी सांगायचं ते आपण मिळून ठरवू." ते मूल माझ्यावर चिडलं. पुढचे दोन शनिवार आलं नाही. ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

त्याच दुपारी मी सगळं लिहून काढलं होतं. वेळ, जागा, मुलाचे शब्द जसेच्या तसे, माझं मत वेगळ्या रकान्यात. सोबतच्या सहकाऱ्यांशी बोलले. तिसऱ्या शनिवारी मूल परत आलं तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो घराविषयी. घरी कळलं तर मार बसेल का? हाकलून देतील का? गावी पाठवतील का? उत्तर आलं, "मार नाही. पण आई रडेल आणि बाबा बोलणार नाहीत." तसंच झालं. आई रडली. बाबा चार महिने धड बोलले नाहीत. पण त्याच आठवड्यात आईने स्वतःच्या हाताने ते बँडेज सोडवलं आणि मुलाला डॉक्टरांकडे नेलं.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ते मूल आता सज्ञान आहे आणि हे लिहायला त्याने मला परवानगी दिली आहे.)

आता तुमच्याविषयी. १९९५ साली तुमची संस्था उभी राहिली ती आईवडिलांनी एकत्र येऊन. लिंग-ओळखीच्या प्रश्नांत मुलांना मदत करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ज्यांची मुलं जात होती अशा पालकांनी एकमेकांना धीर द्यावा, एवढंच सुरुवातीचं काम. म्हणजे तुमच्या पायाशी आईबापच आहेत, म्हणून पुढचं लिहायला मला संकोच वाटत नाही.

सप्टेंबर २०२२मध्ये डेली टेलिग्राफने बातमी छापली. चौदा वर्षांचं मूल आहोत, घरून परवानगी नाही, असं सांगून तुमच्याकडे विचारणा केली, तरीही छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा बाइंडर पाठवायची तयारी तुमच्याकडून दाखवली गेली, अशी ती बातमी होती. तुमचं उत्तर असं होतं की नीट सूचना देऊन दिलेला बाइंडर बरा, नाहीतर मुलं याहून धोक्याचं काहीतरी करतात. हे उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही. मी ती क्लिप कातडीत रुतलेली पाहिली आहे.

पण पाकिटातून बाइंडर आला असता तर काय झालं असतं, याचा मी खूप विचार केला आहे. बँडेज सुटलं असतं, हे खरं. पण ते मूल रोज किती तास तो घालतं, झोपताना काढतं का, खेळताना काढतं का, बरगड्या दुखतात का, हे कुणी पाहिलं असतं? पाकीट पाठवणारा माणूस दीडशे मैलांवर. आई एका भिंतीपलीकडे, आणि तिला ठाऊक नाही. मुलाचं गुपित एका मोठ्या माणसाला कळलं आणि त्याने ते जपायला मदत केली, की मूल त्या गुपितात आणखी एकटं पडतं. मूल ट्रान्स आहे की नाही, याचा इथे काहीच संबंध नाही. व्यसनाचं गुपित असो, मारहाणीचं असो, नाहीतर न खाण्याचं असो, नियम सगळीकडे तोच आहे.

मोठ्यांच्या परवानगीशिवाय मुलांशी बोलूच नये, असं मी म्हणत नाही. चाइल्डलाइन १९८६पासून या देशात मुलांचे फोन घेते आहे, आईबापांना विचारून नव्हे. १९८५च्या गिलिक निकालाने सोळा वर्षांखालच्या मुलाला पुरेशी समज असेल तर उपचाराला स्वतः संमती देता येते, हे मान्य केलं. ते योग्यच झालं. पण त्या निकालात डॉक्टर समोर बसलेला आहे. मुलाला काय कळतं ते तो तपासतो, घरी सांगायला त्याचं मन वळवायचा प्रयत्न करतो, आणि मग ठरवतो. बोलणं, ऐकून घेणं, रात्री दहा वाजता फोन उचलणं याला कुणाची परवानगी नको. शरीरावर घालायची वस्तू टपालाने पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंमधली रेघ तुम्ही स्वतः, टेलिग्राफच्या आधी, आखायला हवी होती.

ऑक्टोबर २०२२मध्ये तुमच्या एका विश्वस्ताला राजीनामा द्यावा लागला. अल्पवयीन मुलांविषयी लैंगिक आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तींना आधार देतो म्हणणाऱ्या एका संस्थेच्या परिषदेत त्याने २०११ साली भाषण केलं होतं, हे बाहेर आलं. त्या भाषणात काय होतं, यावर मी बोलत नाही. मी विचारते ते एवढंच: मुलांच्या संस्थेत माणूस घेताना त्याची गेल्या दहा-बारा वर्षांची कामं, लेख, भाषणं कुणी चाळली का? आमच्या वर्गात पोळ्या लाटायला येणाऱ्या आज्जींचासुद्धा आम्ही डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी, करतो, दोन माणसांकडे चौकशी करतो. एक-दोघींना राग आला होता. मी त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन समजावलं की हा तुमच्यावरचा अविश्वास नाही, जो कुणी येईल त्याला हे लागू आहे. विश्वस्तालाही लागूच हवं, आणि सगळ्यात आधी.

मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट मात्र याहून जुनी आहे आणि तिच्यावर फारसा आरडाओरडा झाला नाही. तुमच्या ईमेल-गटातली सुमारे ७८० पानं जवळजवळ तीन वर्षं इंटरनेटवर उघडी पडली होती. ५५० माणसांची नावं, ईमेल पत्ते यांसारखी माहिती शोधणाऱ्याला सापडत होती. त्यात मुलांविषयीचा खाजगी मजकूर होता. जुलै २०२१मध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने तुम्हाला २५,००० पौंडांचा दंड केला. कुणी मुद्दाम वाईट केलं नव्हतं. गट उघडताना एक सेटिंग चुकलं आणि ते कुणी तपासलं नाही. पण एखाद्या आईने रात्री जागून लिहिलेलं पत्र, 'माझ्या मुलाविषयी कुणाला बोलले नाही, तुम्हालाच सांगते आहे' असं, ते कुणीही वाचू शकत होतं. ट्रान्स मुलाची ओळख त्याच्या इच्छेविना उघड होणं हे त्याच्या बाबतीतलं सगळ्यात मोठं संकट, असं तुम्हीच जगाला सांगता. ते तुमच्या हातून घडलं.

आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तुमच्याविषयी कितीतरी संदेश फिरले. त्यात बाइंडर होता, विश्वस्त होता, आणि काहीबाही खोटंही होतं. ही माहिती उघडी पडल्याची गोष्ट एकदाही आली नाही. त्यात भांडायला काही नाही ना. नुसतं निष्काळजीपणाचं काम. पण सेफगार्डिंग म्हणजे खरं तर हेच: कुलपं, सह्या, तारखा, कोण कुणासोबत एकटं बसलं होतं त्याची नोंद.

सप्टेंबर २०२२च्या अखेरीस चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, विचारपूस सुरू केली. नोव्हेंबरात तुमच्या मुख्य अधिकारी पायउतार झाल्या आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कमिशनने वैधानिक चौकशी जाहीर केली. अहवाल आला ऑक्टोबर २०२४मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. गैरव्यवस्थापन झालं, असं त्यात म्हटलं आहे. गैरवर्तन झालं, असं म्हटलेलं नाही. संस्था झपाट्याने वाढली, कारभार तेवढा वाढला नाही. या दोन शब्दांतला फरक मी आमच्या गटावर समजावून सांगितला. दोन वर्षं 'मुलांचं वाटोळं करणारी संस्था' म्हणून संदेश पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तो अहवाल पुढे पाठवला नाही. हेही तुम्हाला कळायला हवं, कारण तुमच्यावर अन्याय झालाच नाही असं मला वाटत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये शिवीगाळ करणाऱ्या फोनांमुळे तुम्हाला हेल्पलाइन काही काळ बंद ठेवावी लागली. मुलांच्या काळजीने बोलतो म्हणणाऱ्या माणसांनी मुलांसाठीचाच फोन बंद पाडला. आणि फेब्रुवारी २०२३मध्ये वॉरिंग्टनजवळच्या एका बागेत सोळा वर्षांच्या ट्रान्स मुलीचा खून झाला, तेव्हा या मुलांना खरा धोका कुठून असतो, हे ज्याला पाहायचं होतं त्याला दिसलं.

पण याच शिवीगाळीने तुमचं एक मोठं नुकसान केलं, असं मला वाटतं. प्रश्न विचारणारे बहुतेक लोक तुमचं वाईट चिंतणारे होते, त्यामुळे तुम्ही प्रश्नच ऐकेनासे झालात. कोण विचारतंय ते पाहिलंत, काय विचारतंय ते पाहिलं नाहीत. 'पालकांना का सांगितलं नाही?' हा प्रश्न ज्या वर्तमानपत्राने विचारला त्याला तुमच्याविषयी प्रेम नव्हतं हे मी मानते. पण तोच प्रश्न माझाही आहे, आणि मी तुमच्या बाजूने उभी आहे. ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं उदाहरण आपल्या सगळ्यांसमोर आहे. हैतीतल्या भूकंपानंतर तिथे गेलेल्या काही कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन २०११ सालीच संस्थेला कळलं होतं. लोकांना कळायला २०१८ उजाडलं. आपलं काम इतकं चांगलं आहे, त्याला धक्का लागू नये, या एका विचाराने चांगली चांगली माणसं गप्प बसतात. आमच्या मंडळातही मी हे ऐकलं आहे. 'जाऊ द्या ना, मंडळाचं नाव खराब होईल.' प्रत्येक वेळी हे वाक्य बोलणारा माणूस प्रामाणिक होता.

मुलांच्या लिंग-ओळखीसंबंधीच्या आरोग्यसेवांविषयीचा डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल २०२४मध्ये आला. मी तो डॉक्टर म्हणून वाचलेला नाही, कारण मी डॉक्टर नाही. प्युबर्टी ब्लॉकर्सबाबतचा, म्हणजे वयात येणं थोपवून धरणाऱ्या औषधांबाबतचा, पुरावा कमकुवत आहे, असं त्यांनी म्हटलं. त्यानंतर तुमच्या संकेतस्थळावरचा त्या औषधांविषयीचा मजकूर बदलायला हवा, असं चॅरिटी कमिशननेही म्हटलं. त्यावर तज्ज्ञांचा वाद चालू राहील. माझ्यापुरती गोष्ट साधी आहे: जे अजून ठरलेलं नाही, ते ठरलंय असं मुलाला सांगू नये. चौदा वर्षांचं मूल 'सुरक्षित आहे' हे वाक्य वाचतं तेव्हा ते त्याचा शब्दशः अर्थ घेतं. पण कॅस यांनी दुसरंही दाखवून दिलं आहे. ही मुलं वर्षानुवर्षं रांगेत उभी होती. टॅव्हिस्टॉकची सेवा मार्च २०२४मध्ये बंद झाली तेव्हा प्रतीक्षायादीत पाच हजारांहून जास्त मुलं होती. वाट पाहणाऱ्या त्या मुलांशी बोलायला कुणीतरी हवंच. म्हणून तुमची संस्था बुडावी असं मला मुळीच वाटत नाही. ती नीट चालावी, असं मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे, ती आमच्यासारख्या घरांची. बाहेरून आलेल्या, सावळ्या, देवघर असलेल्या घरात मूल 'घरी सांगू नका' म्हणालं, की या देशातली भली माणसंही पटकन मान डोलावतात. त्यांच्या मनात काहीतरी आधीच ठरलेलं असतं. घर धोक्याचं आहे का, याची चौकशी व्हायलाच हवी, आणि काही घरं खरोखर धोक्याची असतात. तिथे पालकांना आधी सांगणं म्हणजे मुलाला विहिरीत ढकलणं, आणि तिथे मी स्वतः आधी सामाजिक सेवा विभागाला फोन केला आहे. पण ही चौकशी प्रत्येक घराची वेगळी करायची असते, आडनावावरून नाही. त्या मुलाची आई रडली म्हणून ती शत्रू ठरली असती, तर ते बँडेज कुणी सोडवलं असतं? तिला कुणी तिच्या भाषेत, सावकाश, लाज न आणता सांगणारं हवं होतं. 'ट्रान्स' या शब्दाला तिच्या कानावर पडलेला एकच शब्द होता, आणि तो टाळ्या वाजवत दुकानात येणाऱ्यांसाठी वापरतात तो. तिला वाटलं आपलं मूल घर सोडून त्यांच्यात जाणार. त्या एका भीतीपायी ती आठ दिवस जेवली नव्हती.

तेव्हा माझं मागणं असं आहे. बोलणं आणि वस्तू देणं यांत तुम्ही आज रेघ कुठे आखता, ते एका पानावर, कुठल्याही पालकाला समजेल अशा भाषेत लिहा आणि पुढे ठेवा. मुलाने 'सांगू नका' म्हटल्यावर तुमचा माणूस नेमकं काय बोलतो, ते शब्द त्या पानावर असू द्या. दर वर्षी किती काळज्या नोंदल्या गेल्या, किती पुढे कळवल्या, किती चुकल्या, हे आकडे नावांशिवाय छापा. तुमच्याशी असहमत असलेला, पण मुलांशी प्रेमाने वागणारा एखादा तरी माणूस सेफगार्डिंगच्या समितीवर घ्या. आणि पालकांसाठीची माहिती गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली, पोलिश, सोमाली आणि मराठीत काढा. मराठीचं भाषांतर मी करून देईन. पैसे नकोत.

या पत्रासोबत आमच्या वर्गाचा नोंदीचा कोरा फॉर्म पाठवला आहे. चार रकाने आहेत, फार काही नाही. शेवटचा रकाना 'मुलाला काय सांगितलं' असा आहे. तो आम्ही लेझीमच्या त्या दिवसानंतर घातला.

तुमचं उत्तर आलं तर शनिवारी वर्ग सुटल्यावर थांबणाऱ्या पालकांना मी ते वाचून दाखवेन. आता ती आईही त्यांच्यात थांबते.

आपली,
शनिवारच्या मराठी वर्गातली एक शिक्षिका